पालथी पाने मला दिसतात

मित्रांनो, आधी खात्रीच्या गोष्टी सांगून टाकते. मी एक जुने घडीचे टेबल आहे, पत्ते खेळण्यासाठी बनवलेले. लांबी तीन फूट, रुंदीही तेवढीच. चार पाय, चारही आत दुमडणारे. त्यांपैकी एका पायाची कडी तुटलेली. वर हिरवे लोकरी कापड होते. आता त्याचा रंग सांगणे कठीण आहे. मुक्काम फरीदाबादच्या एका सोसायटीचे तळघर, पाण्याच्या पंपाशेजारी. पंप दिवसातून दोनदा चालतो, तेव्हा मी थरथरते. बाकी वेळ इथे कोणी बोलत नाही.

माझा जन्म १९९३ सालचा. दिल्लीत कीर्तिनगरला लाकडी सामानाची दुकाने ओळीने आहेत. त्यांपैकी एका दुकानामागच्या शेडमध्ये मला जोडले. लाकूड साधे आंब्याचे. कापड पानिपतहून आले. ब्लँकेटसाठी विणलेल्या ताग्याचा उरलेला तुकडा, हिरवा रंगवलेला. सुताराने तो ताणून बसवला आणि कडेने पितळी चुका ठोकल्या. त्या वर्षी दिल्लीत घरोघरी नव्या वस्तू येत होत्या. माझ्या शेजारी ठेवलेली टीव्हीची कपाटे एकामागून एक उचलली गेली. मला चार महिने कोणी विचारले नाही.

मग कुमुदताई ओगले आल्या. त्यांनी माझा एक पाय उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हे घ्यायचं. पलंगावर बसून पत्ते खेळायला आपण काही विशीतले नाही."

त्यांचे यजमान पद्माकर ओगले केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी होते. रामकृष्णपुरम्‌च्या सरकारी क्वार्टरमध्ये दर शनिवारी माझ्याभोवती रमी रंगू लागली. पैसे लावायचे नाहीत, हा कुमुदताईंचा नियम. त्याऐवजी चिंचोके. महाराष्ट्रातून दिल्लीला येऊन कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात उतरणाऱ्या कोणा ना कोणाकडून त्या चिंच मागवीत. चिंच आमटीत जाई, चिंचोके धुऊन एका पत्र्याच्या डब्यात. मुलगी स्वरूपा त्यांना 'इमली के बीज' म्हणे. दिल्लीत वाढलेल्या मुलीला मराठी शब्द ठाऊक नव्हता. कुमुदताई दर वेळी तिला थांबवून 'चिंचोके' म्हणायला लावीत, मगच डबा उघडत.

आता माझ्याविषयी एक गोष्ट, जी माणसांच्या लक्षात येत नाही. पत्ता पालथा ठेवला की त्याची पाठ तुम्हाला दिसते आणि तोंड मला दिसते. उघडा ठेवला की उलटे होते. जे सगळ्यांना दिसते ते मला दिसत नाही. जे कोणालाच दिसू नये ते माझ्या अंगावर टेकलेले असते. कोणाकडे काय आहे हे मला माहीत असते आणि सांगण्याची सोय नसते. टेबलाचे काम असे एकटेपणाचे आहे. तक्रार म्हणून सांगत नाही, पण ते तसे आहे.

१९९८ साली पद्माकरराव निवृत्त झाले आणि आम्ही फरीदाबादच्या या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आलो. सोसायटी इतकी नवी होती, की लिफ्टच्या दाराला अजून प्लास्टिक होते. २००२ च्या फेब्रुवारीत कुमुदताई आजारी पडल्या आणि सतरा दिवसांत गेल्या. स्वरूपा तेव्हा गुडगावला एका परदेशी विमा कंपनीचे काम करणाऱ्या ऑफिसात होती आणि दोन मैत्रिणींबरोबर तिथेच राहत होती. ती दर रविवारी बस बदलत फरीदाबादला येई. बापलेक जेवत. मग ते एका खोलीत वर्तमानपत्र वाचीत, ती दुसऱ्या खोलीत. चार वाजता ती निघे. मी दाराआड मिटलेले असे. त्या दोघांत बोलणारे माणूस कुमुदताई होत्या, आणि त्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी कंपनीने स्वरूपाला तीन महिने अमेरिकेला शिकायला पाठवले. परतल्यावर पहिल्याच रविवारी तिने मला दाराआडून ओढून काढले.

"बाबा, नवीन गेम शिकवते. वरच्या इंदुमतीकाकूंना बोलवा, आणि बात्राजींना."

इंदुमती कर्णिक निवृत्त शिक्षिका, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या. बात्राजी समोरच्या दारातले. त्यांचे नळ-पाइपांचे दुकान होते. चौघे बसले. स्वरूपाने प्रत्येकापुढे चाळीस चिंचोके मोजून ठेवले आणि नियम सांगितले. तेच मी तुम्हाला सांगते. प्रत्येकाला दोन पाने, पालथी. मग मध्ये सर्वांसाठी तीन पाने उघडी, नंतर एक, शेवटी आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच, यांतून उत्तम पाच धरायची. दर टप्प्याला चिंचोके लावायचे. एकाने लावले तेवढेच दुसऱ्याने लावायचे, नाहीतर पाने टाकून द्यायची. किती लावायचे यावर मर्यादा नाही; हवे तर पुढ्यातले सगळे. या खेळाला पोकर म्हणतात.

तिसऱ्याच डावात पद्माकररावांना दोन एक्के आले. त्याहून चांगली दोन पाने असूच शकत नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला आणि पुढ्यातले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मध्ये सारले.

बात्राजींनी त्या ढिगाकडे पाहिले. "ओगले साहब, ये बोली है या तबादले का ऑर्डर?"

त्यांनी पाने टाकली. इंदुमतीबाईंनी टाकली. स्वरूपाने टाकली. पद्माकररावांना मिळाले सुरुवातीला बाकी तिघांनी टाकलेले दोन दोन, म्हणजे सहा चिंचोके. ते खूष होते. मला मात्र पालथी पाने दिसत होती. इंदुमतीबाईंकडे दोन राण्या होत्या, बात्राजींकडे राजा आणि गुलाम. पद्माकररावांनी चार मागितले असते तर दोघेही थांबले असते. मग आणखी सहा मागता आले असते, मग दहा. दोन एक्क्यांचे मोल त्या दिवशी चाळीस-पन्नास होते. मिळाले सहा.

हे दर रविवारी होऊ लागले. चांगली पाने आली की पद्माकरराव सगळे पुढे करीत. मध्यम आली की मध्यम चिंचोके लावीत. वाईट आली की प्रामाणिकपणे टाकून देत. महिन्याभरात इंदुमतीबाई म्हणू लागल्या, "तुमचे हात पुढे आले की माझी पानं आपोआप खाली जातात. मला विचार म्हणून करावा लागत नाही."

"बाबा," स्वरूपा म्हणाली, "तुमचे चिंचोके मोजले की तुमची पानं कळतात."

"मग बरोबरच आहे. जे आहे ते लिहायचं."

"हे टिपण नाहीये, यार."

"वडिलांना यार म्हणतात का?"

"सॉरी. बाबा यार."

इंदुमतीबाईंना हसू आवरेना. पद्माकररावही हसले. त्या घरात किती महिन्यांनी कोणी हसत होते, ते मी मोजलेले नाही.

त्यांची चूक कुठून आली हे सांगितले पाहिजे, कारण ती मूर्खपणाची चूक नव्हती. चौतीस वर्षे त्यांनी फायलींवर टिपणे लिहिली होती. सगळी माहिती, आधीचे दाखले, अडचणी, उपाय आणि शिफारस, सारे पहिल्याच वेळी आणि क्रमांक घालून. वरिष्ठाला एकही प्रश्न विचारावा लागू नये. 'ओगल्यांची फाइल परत येत नाही,' असे मंत्रालयात म्हणत, आणि हे वाक्य ते घरात दोन-तीनदा बोलून दाखवीत. फाइल परत न येणे हे त्या नोकरीतले सर्वांत मोठे यश होते. खेळात मात्र समोरच्याने परत परत यावे लागते. तो आला नाही, तर तुमची चांगली पाने तुमच्याच हातात राहतात.

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार होता, २००३ सालचा. त्या दिवशी इतर दोघे यायचे होते, पण अजून आले नव्हते. पद्माकररावांनी मला उघडले, पत्ते ठेवले आणि खिशातून घडी केलेला फुलस्केप कागद काढून स्वरूपापुढे ठेवला.

"हे काय?"

"वाच. सगळं आहे त्यात."

ती बराच वेळ वाचत राहिली. वाचून झाल्यावर तिने तो कागद माझ्यावर पालथा ठेवला, म्हणून मीही तो वाचला. अक्षर सुवाच्य होते. विषय: कु. स्वरूपा हिच्या निवासाबाबत. एक, गुडगावची जागा या महिनाअखेर सोडावी. दोन, फरीदाबादहून ऑफिसची बस आहे. वेळापत्रक सोबत जोडले आहे. तीन, पूर्वेकडची खोली रंगवून तयार आहे. चार, वडिलांचा रक्तदाब. पाच, लग्नाचा विषय मे महिन्यापर्यंत मार्गी लावावा. तीन स्थळे विचाराधीन. सहा, तिच्या आईची शेवटची इच्छा हीच होती. सात, एकटे राहणे दोघांच्याही हिताचे नाही. खाली लिहिले होते: वरील बाब मान्यतेसाठी सादर. आणि सहीसाठी जागा सोडली होती.

"बाबा, यात चूक काहीच नाही," स्वरूपा म्हणाली.

"मग?"

"मग मी बोलू काय?"

"मान्य आहे का ते सांग."

ती उठली. "निघते. बस चुकेल."

बस चार वाजताची होती आणि तेव्हा पावणेबारा वाजले होते.

मित्रांनो, तो कागद मी पुढे अनेक दिवस वाचला, कारण तो तसाच पालथा राहिला. त्यातला एकेक मुद्दा खरा होता. सहावा तर एक्का होता. पण तो एक्का बसच्या वेळापत्रकाबरोबर त्यांनी एकाच कागदावर मांडला होता. माणसाकडे भारी पाने असली की ती लवकर मांडून टाकण्याची त्याला घाई होते, असे मला दिसले आहे. हरण्याच्या भीतीपेक्षा ही घाई मोठी असते.

स्वरूपा पुढच्या रविवारी आली नाही. फोनवर म्हणाली, रविवारची ड्यूटी लागली आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही लागली. पद्माकरराव आता मला मिटत नसत. ठरल्या वेळी तो कागद न उलटता कडेला सारत, चाळीस चाळीसचे चार ढीग लावत आणि खिडकीशी उभे राहत. दोनदा इंदुमतीबाई आणि बात्राजी आले. तिघांत खेळ रंगेना, आणि स्वरूपाचा विषय कोणी काढेना. मग तेही यायचे थांबले. पाचव्या रविवारी पद्माकररावांनी चारही ढीग लावले, पाने वाटली आणि एकेका खुर्चीत जाऊन बसू लागले.

ते खरोखर तसे खेळत होते. पहिल्या खुर्चीत बसून दोन पाने पाहायची, चिंचोके लावायचे, उठायचे, दुसऱ्या खुर्चीत जायचे. मधली पाने उघडताना मोठ्याने वाचायचे, "बदाम दश्शी, किलवर तिर्री, चौकट राणी." ऑफिसात कागद वाचून दाखवण्याची सवय. त्यामुळे मला न दिसणारी पानेही कळत. चार माणसांचा खेळ एक माणूस खेळत होते आणि भर दुपारी बाहेरच्या रस्त्यावर भाजीवाल्याच्या हाका चालल्या होत्या. माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस ते.

डिसेंबरात बात्राजी पाण्याच्या टाकीची काही वर्गणी मागायला आले. दार उघडेच होते.

"अकेले-अकेले चार जनों का खेल?"

"प्रॅक्टिस," पद्माकरराव म्हणाले.

"कौन जीत रहा है?"

"इंदुमतीजी की कुर्सी."

बात्राजी बसले. त्यांनी आपल्या नेहमीच्या जागची दोन पाने उचलून पाहिली आणि ठेवली. मग म्हणाले, "बिटिया उस दिन गेट पर मिली थी. बोली, अंकल, बाबा ने फाइल बना दी मेरी."

पद्माकरराव चिंचोक्यांचे ढीग सारखे करू लागले.

"बुरा मत मानना. मेरी दुकान पर आदमी आता है एक नल लेने. मैं पहले पंखा चलाता हूँ. फिर पानी पूछता हूँ. फिर नल दिखाता हूँ, जितने का वो ले सके. नल ले लिया, तब वॉशर. अगली बार आएगा तो टंकी भी लेगा. आपने बिटिया को सीधा पूरा बाथरूम दिखा दिया. भागेगी नहीं तो क्या करेगी?"

"मैंने सच लिखा था."

"सच तो था जी. माल भी अच्छा था. पर लेने वाले का हाथ भी तो देखो, कितना उठा सकता है."

"तो अब?"

"अब पंखा चलाओ."

बात्राजी गेल्यावर पद्माकररावांनी तो फुलस्केप कागद हळूच सरकवून जवळ घेतला. तो उलटवून पाहिला नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर ते आकडे लिहू लागले. मध्ये दहा असतील तर सहा मागायचे. समोर राजा असेल तर किती मिळतील, राणी असेल तर किती. समोरच्याला थांबावेसे वाटेल असा आकडा कोणता. दीड महिना ते हे करीत होते. आकडे मोठ्याने बोलत, खोडत. आता खुर्ची बदलली की ते आधी थोडा वेळ नुसते बसून राहत. दुसऱ्याच्या जागी बसल्यावर आपण कसे दिसतो, हे बहुधा त्यांना प्रथमच कळत होते.

खरे सांगायचे तर मला आधी ही सगळी युक्ती वाटली. दुकानदाराची असते तशी. पण युक्ती करणारा माणूस सारखा घड्याळाकडे पाहतो. हे पाहत नव्हते.

जानेवारीत त्यांनी फोन केला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"स्वरूपा, पाच मिनिटं आहेत? नाही, नाही, तब्येत उत्तम. खेळातला एक प्रश्न आहे. मधे दोन राजे उघडे आहेत, माझ्याकडे नऊची जोडी. किती मागू? ... अच्छा. ... कोणाशी म्हणजे, खुर्च्यांशी खेळतोय." मग बराच वेळ ते ऐकत होते. "बरं. झाली पाच मिनिटं. ठेवतो."

तिच्या येण्याविषयी त्यांनी विचारले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा एक प्रश्न, पुन्हा पाच मिनिटे. तिसऱ्या रविवारी फोन तिचाच आला, आणि बारा मिनिटे चालला. पाचव्या वेळी ते म्हणाले, "एक छोटं काम होतं. पत्त्यांची पानं मळली आहेत. तिकडे चांगला जोड मिळाला तर आणशील? सवडीने. टपालाने पाठवलास तरी चालेल."

१४ मार्च २००४, रविवार. स्वरूपा दुपारी साडेतीनला आली. हातात पत्त्यांचा नवा जोड. उंबऱ्यातच म्हणाली, "पाचला ऑफिसची गाडी घ्यायला येणार आहे, बाबा. जास्त वेळ नाही."

"चहा घेशील एवढा आहे ना?"

त्यांनी पंखा लावला. फरीदाबादला मार्चच्या मध्यावर त्याची फार गरज नव्हती.

दोघे समोरासमोर बसले. चाळीस चाळीस चिंचोके. चहा झाला, काही किरकोळ डाव झाले, ऑफिसातल्या कुणा मॅनेजरची नक्कल झाली. पावणेपाचला स्वरूपाने सगळे चिंचोके पुन्हा सारखे वाटून घेतले. "शेवटचा डाव. चलो."

प्रत्येकी दोन चिंचोके मध्ये पडले. पाने वाटली गेली. पद्माकररावांच्या पुढ्यात किलवर नऊ आणि चौकट नऊ. स्वरूपाच्या पुढ्यात इस्पिक सात आणि चौकट दोन. या खेळात याहून निकामी पाने मिळत नाहीत.

"बदाम नऊ, इस्पिक राजा, किलवर चार," पद्माकररावांनी मधली तीन वाचली. त्यांच्याकडे तीन नव्व्या झाल्या. मला त्यांचे तळवे कडेवर जाणवत होते. पूर्वी असे झाले की ते लगेच ढिगाकडे जात. या वेळी ते तिथेच राहिले.

"तीन," ते म्हणाले.

स्वरूपाने आपली पाने कोपऱ्यातून उचलून पुन्हा पाहिली. सात आणि दोनच होते. तिने तीन चिंचोके लावले.

"बदाम राजा." आता त्यांचा डाव जवळजवळ न हरणारा होता: तीन नव्व्या, दोन राजे. "सहा."

"सहा." तिने मोजून पुढे केले.

"किलवर गुलाम." शेवटचे पान. मध्ये बावीस चिंचोके जमले होते. तिच्यापुढे एकोणतीस उरले होते. पद्माकररावांनी तिच्या ढिगाकडे पाहिले, मग तिच्याकडे. ओठ हलवत काहीतरी हिशेब केला. खाली हॉर्न वाजला. दोघांपैकी कोणी खिडकीकडे पाहिले नाही.

"पंधरा," ते म्हणाले.

मित्रांनो, इथे मला नीट बोलले पाहिजे. काही नसताना माणूस मोठा आकडा पुढे करतो, तेव्हा तो समोरच्याला घाबरवू पाहत असतो. तो खेळाचाच भाग आहे. पण काही नसताना जो समोरच्याने मागितले तेवढेच देतो, तो घाबरवत नसतो. त्याला जिंकायचे नसते, असाच त्याचा अर्थ होतो. मी दहा वर्षे पालथी पाने पाहत होते. सात आणि दोन घेऊन तीन वेळा मागेल तेवढे देणारे माणूस मी पाहिले नव्हते.

स्वरूपाने पंधरा चिंचोके एकेक करून मोजले आणि पुढे ठेवले.

पद्माकररावांनी पाने उलटली. "तीन नव्व्या, दोन राजे."

"ओहो," ती म्हणाली, आणि आपली दोन पाने पालथीच उचलून जोडात मिसळून टाकली. हरणाऱ्याने पाने दाखवलीच पाहिजेत असे नाही, तोही नियमच.

"तुझ्याकडे राजा होता," पद्माकरराव म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता. "हो ना?"

"एक राजा होता. वाटलं, पुरेल."

"मी तोच धरला होता. म्हटलं, राजा असेल तर ही पंधरा देईल. वीस मागितले तर टाकेल."

"बिल्कुल. वीस असते तर टाकले असते."

तिचे सव्वीस चिंचोके, त्यांचे स्वतःचे सव्वीस. त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढून घेतले. खालचा हॉर्न पुन्हा वाजला. पुढच्या रविवारी येशील का, हा प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर असणार, कारण त्यांनी माझी कड घट्ट धरली होती. पण ते म्हणाले, "जा, गाडी थांबली आहे."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "बाबा, माझे चौदा राहिलेत. ते डब्यात मिसळू नका. पुढच्या वेळी तिथून सुरू करू."

ती गेल्यावर त्यांनी ते चौदा एका वाटीत ठेवले आणि वाटीवर बशी झाकली. मग तो फुलस्केप कागद उचलला, या वेळी सरळ बाजूने पूर्ण वाचला आणि फाडून टाकला.

पुढची हकीकत थोडी आहे. स्वरूपा गुडगावातच राहिली. पुढच्या सव्वादोन वर्षांत ती एक्कावन्न रविवार आली. इंदुमतीबाई आणि बात्राजीही परतले. २००६ मध्ये तिला कंपनीने सिंगापूरला पाठवले. त्या वेळी पद्माकरराव तिला एवढेच म्हणाले, की पोचल्यावर फोन कर. २०११ च्या हिवाळ्यात ते गेले. स्वरूपा येऊन घर आवरून गेली. मला तिने सोसायटीला दिले, लोक खेळतील म्हणून. क्लबच्या खोलीत मी दोन वर्षे होते. माझ्यावर पत्ते पडले नाहीत. इस्त्रीचे कपडे पडले, लग्नपत्रिकांचे गठ्ठे पडले, एकदा रंगाचे डबे. पायाची कडी तुटली त्या दिवशी मला खाली आणून ठेवले. एक कडी आणि दोन स्क्रू, एवढेच काम होते.

पद्माकरराव शेवटपर्यंत समजत होते, की तो डाव आपण उत्तम खेळलो. बात्राजींना त्यांनी तो किती वेळा सांगितला असेल. मी काय पाहिले ते मी आज प्रथमच सांगत आहे, आणि त्यांचे समजणे चूक होते असे माझे म्हणणे नाही. पंधरा हा आकडा बरोबरच होता. त्यांनी पूर्वीसारखे सगळे मागितले असते, तर तिला द्यायची इच्छा असूनही देता आले नसते.

तुमच्याही घरात, गच्चीवर किंवा तळघरात एखादी जुनी वस्तू असेल. ती पुसली नाहीत तरी चालेल, पण निघालेला स्क्रू बसवा आणि अधूनमधून उघडून बसा. चौघे जमले नाहीत तरी दोघे पुरतात. समोरचे माणूस कसेबसे थोडेच काही मागत असेल, तर पाने टाकायची घाई करू नका. कारण मित्रांनो, हा खेळ एकट्यानेही खेळता येतो. चार खुर्च्या लागतात, आणि उठून उठून प्रत्येकीत बसावे लागते. मी तो पाहिला आहे. तुमच्या घरातल्या कोणावर तो खेळण्याची वेळ येऊ नये, एवढेच मागते.